मधल्या सांध्याची मालकी

साडूसाडूंनी भागीदारीत काही घेऊ नये, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. का घेऊ नये, ते सांगायला मात्र थांबली नाहीत. थांबली असती तर ग्रंथपालांचे निदान तीन लाख वाचले असते.

ग्रंथपाल म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढून गेल्या वर्षी निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या ताईचे यजमान, ड्रायव्हिंग स्कूल चालवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. या दोघांचं तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना असं तीस वर्षं चाललं होतं. त्यात दोघांनी मिळून तेवीस वर्षांचं जुनं मोटरहोम घ्यायचं ठरवलं. पुढे ड्रायव्हरची केबिन आणि मागे खाटा, शेगडी, बेसिन असं फिरतं घर.

भागीदारी अर्धी-अर्धी; पण ती यांनी गाडी आडवी कापून केली. पुढचा भाग मास्तरांचा: इंजिन, गिअर, ब्रेक, दिवे, केबिन, आणि मागची धरून सगळी चाकं. मागचा भाग ग्रंथपालांचा: भिंती, छत, खाटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि जिचं नाव चारचौघांत घेत नाहीत ती दुसरी टाकी. ज्याचा भाग मोडेल त्याने स्वतःच्या खिशातून दुरुस्त करायचा.

ही कल्पना ग्रंथपालांची. जे हलतं तेच मोडतं, हा त्यांचा सिद्धांत होता. इंजिन हलतं, चाकं हलतात. भिंत कधी हलते का? आयुष्यभर त्यांनी कपाटांच्या सोबतीत नोकरी केली होती आणि एकाही कपाटाने कधी गॅरेज मागितलं नव्हतं. मास्तरांना वाटलं, इंजिन आपल्या हाताखालचं, उलट मागच्या खोक्यातल्या सतरा भानगडी या पुस्तकी माणसाच्या गळ्यात पडल्या. दोघांनी एकमेकांना गंडवल्याच्या आनंदात कागदावर सह्या केल्या.

गाडी पसंत करतानाही दोघांनी आपापली अक्कल पाजळली. विकणारे गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी ग्रंथपालांच्या हातात एक जाडजूड निळी फाइल ठेवली. तेवीस वर्षांची प्रत्येक पावती तारखेनुसार लावलेली, विषयवार रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ग्रंथपालांचा जीव तिथेच अडकला. असा माणूस वाईट गाडी ठेवीलच कसा? त्यांनी फाइलची मांडणी पाहिली, चिठ्ठ्यांचे रंग पाहिले, वळणदार अक्षर पाहिलं. वाचली मात्र नाही. वाचली ती पैसे दिल्यानंतर, आणि तेव्हा कळलं की 'छत गळती' या एकट्या विषयाच्या अकरा पावत्या होत्या. मास्तरांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. आपण पोहोचलो तेव्हा बॉनेट आधीच गरम का होतं, हे त्या तीस वर्षांच्या अनुभवी माणसाने विचारलं नाही.

किंमत चार लाख. ग्रंथपालांच्या वाट्याचे दोन लाख त्यांच्या बायकोने दिले होते. ती घरी शिवणकाम करी. एकतीस वर्षांच्या पडद्यांचे आणि पँटींच्या दुमडपट्ट्यांचे ते पैसे. तिचं मशीन खिडकीसमोर होतं. पण खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवरून सांडपाण्याचे दोन पाइप खाली उतरले होते. एकतीस वर्षं मान वर केली की तिला ते दोन पाइप दिसत.

"मला एकदा खिडकीबाहेर पाणी बघायचंय," ती म्हणाली होती. "पाइपातलं नव्हे. मोकळं."

पैसे देताना ती एवढंच बोलली. नंतर गाडी पाहिल्यावर तिने तिचं नाव सवत ठेवलं.

पहिला फटका मास्तरांना बसला. टायरांवरची नक्षी नव्यासारखी खोल होती, म्हणून मास्तर खुश होते. गॅरेजवाल्याने टायरच्या कडेला छापलेले चार बारीक आकडे बोटाने दाखवले. या गॅरेजवाल्याला सगळे 'बघू' म्हणत, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तिथूनच सुरू व्हायचं.

"बघू... चौदा वर्षं झाली या टायरांना. झिजले नाहीत, कारण गाडी उभीच होती. पण रबर म्हातारं झालंय. फुटेल."

"किती टायर?"

"सहाच्या सहा."

साठ हजार गेले. मग टायमिंग बेल्ट, मग ब्रेक. ग्रंथपाल दर वेळी मास्तरांच्या घरी जाऊन खेद व्यक्त करत, आणि परत आले की आंघोळ करताना गाणी म्हणत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं ते बायकोला हसून सांगत. मसाला दुसऱ्याच्या खिशातून येत असला की ही म्हण फार गोड लागते.

विम्याचं वेगळंच. एजंटाने गाडीचं वय ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. रस्त्यावर दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई मिळेल, म्हणाला. "आणि आमची गाडीच जळाली तर?" मास्तरांनी विचारलं. "तर कंपनी तुमचं अभिनंदन करील," एजंट म्हणाला.

गाडी उभी करायला जागा नव्हती. इमारतीच्या फाटकाची कमान सव्वादोन मीटर आणि गाडी तीन मीटर उंच. शेवटी बघूच्या गॅरेजमागची मोकळी जागा भाड्याने घेतली. भाडं अर्धं-अर्धं, असं ग्रंथपाल म्हणाले. मास्तरांनी खिशातून मोजपट्टी काढली. "पुढचा भाग सहा फूट. मागचा पंधरा. भाडं जागेचं आहे ना?" हा माणूस मोजपट्टी खिशात घालून आला होता, म्हणजे घरून ठरवूनच आला होता, याचा ग्रंथपालांना जास्त राग आला. पण हिशेब बिनतोड होता.

आणि मग न हलणाऱ्या भिंतीची पाळी आली. एका दुपारी ग्रंथपाल गाडीतलं कपाट पुसत होते. कोपऱ्यात रंग थोडा फुगलेला दिसला म्हणून त्यांनी बोटाने दाबलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर ओलं होतं. अकरा पावत्यांनीही न थांबलेल्या पाण्याने वर्षानुवर्षं आतलं लाकूड भिजत घातलं होतं. सुताराने भिंतीचं अस्तर उघडलं आणि चहात पडलेल्या बिस्किटाकडे बघावं तसं आत पाहिलं.

"अख्खी बाजू बदलावी लागेल," तो म्हणाला.

एक लाख दहा हजार. त्यापाठोपाठ फ्रिज. मग गॅसचा पाइप. त्याच्यावर चक्क मुदत छापलेली होती आणि ती नऊ वर्षांपूर्वी संपली होती. मग पाण्याचा पंप, मग बॅटरी. आता मास्तर सांत्वनाला येऊ लागले. दोन कप चहा पीत, "हौसेला मोल नसतं हो," असं म्हणत, आणि जिना उतरताना शीळ घालत. ती शीळ तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येई.

ग्रंथपाल बायकोला खर्चाचा तिसरा हिस्सा सांगत. एक लाख दहा झाले की पस्तीस म्हणत. भीती तिच्या ओरडण्याची नव्हती, ती कधी ओरडत नसे. तिने आकडा ऐकून गप्प बसावं आणि मशीनवर पुढची पँट घ्यावी, हे त्यांना बघवणार नव्हतं. म्हणून खरा खर्च आपल्या निवृत्तीच्या पैशातून गुपचूप भागवत. पण मूळ स्वभाव कुठे जातो? पावती फाडून टाकणं त्यांच्या हातून होईना. प्रत्येक पावती त्यांनी त्या निळ्या फाइलीत लावली, नवी चिठ्ठी चिकटवली, आणि फाइल गाडीतल्या खाटेखाली लपवली. लपवण्याआधी तिला अनुक्रमणिका जोडली.

बायको पडद्यांची मापं घ्यायला गाडीत गेली आणि त्याच खाटेवर बसली.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "भिंतीचे किती झाले म्हणालात?"

"पस्तीस."

"पान सदुसष्ट बघून सांगा."

ग्रंथपालांचा घास हातातच राहिला.

"एवढी वर्षं पुस्तकं सांभाळलीत," ती म्हणाली, "आणि लपवलेल्या फाइलला अनुक्रमणिका करता?"

"अगं, मी सांगणारच होतो..."

"मला पैशाचं दुःख नाही. गेले ते गेले. पण तुम्ही मला खोटं सांगितलंत, त्याचं वाईट वाटलं. आता नीट ऐका. सप्टेंबरच्या चोवीस तारखेला मला साठ पूर्ण होतात. त्या दिवशी सकाळी उठून मी खिडकी उघडली की बाहेर पाणी दिसलं पाहिजे. दिसलं, तर झालं गेलं विसरले. नाही दिसलं, तर गाडी विकायची, येईल त्या किमतीला. आणि मी यानंतर तुमच्याकडे काहीही मागणार नाही."

काहीही मागणार नाही, हे रागावून म्हटलं असतं तर ग्रंथपालांना परवडलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली होती.

ते जिद्दीला पेटले. सप्टेंबर लागेपर्यंत मागचा भाग धडधाकट झाला, पुढचाही झाला. वार्षिक तपासणीत गाडी पास झाली. निघायच्या आधी बघूने गाडी धुतली, आणि पाणी आत आलं. छतातून नाही, भिंतीतून नाही. केबिन जिथे मागच्या घराला जोडलेली असते, त्या बरोब्बर मधल्या सांध्यातून, ड्रायव्हरच्या सीटवर.

"बघू..." बघू म्हणाला. "नऊ हजार. अख्खा सांधा सिलिकॉनने भरावा लागेल. कुणीही द्या."

वाटणीच्या कागदात पुढचा भाग होता, मागचा भाग होता. सांधा नव्हता.

"पाणी तुमच्या छतावरून येतं," मास्तर म्हणाले.

"पण पडतं तुमच्या सीटवर," ग्रंथपाल म्हणाले.

"छत नीट असतं तर पडलं नसतं!"

"केबिन सरळ असती तर सांधा उघडला नसता! कधी तरी ठोकलीय ती पुढून."

"असं करा, तुमचं खोकं काढून घ्या. मी माझा पुढचा भाग घेऊन फिरेन."

"खुशाल फिरा. झोपाल कुठे? बॉनेटवर?"

साठ-पासष्टीची दोन माणसं गॅरेजच्या अंगणात अशी भांडली की पलीकडे स्कूटर दुरुस्त करून घेणारं एक गिऱ्हाईक काम थांबवायला लावून ऐकू लागलं. तीन-चार लाख पाण्यात घालताना ज्यांना काही वाटलं नव्हतं, त्यांना नऊ हजारांसाठी मान खाली घालवेना. अबोला सुरू झाला. बहिणी-बहिणी फोनवर बोलत, पण सांध्याचं नाव दोघीही काढत नव्हत्या.

वीस तारीख आली. सकाळी ग्रंथपाल चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत आले तर बायको मशीनवर बसली होती. गाडीचे पडदे केव्हाच शिवून झाले होते, घडी घालून बाजूला ठेवले होते. ती कुणाची तरी पँट आखूड करत होती. मध्येच तिने मान वर केली, पाइपांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बस, एवढंच. पण ग्रंथपालांना तिथे उभं राहवेना. कुठला सांधा, कुठले साडू आणि कुठला मान! त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुपारी ते बघूकडे गेले. नवी कवळी करून घेण्यासाठी वेगळे ठेवलेले नऊ हजार त्यांनी त्याच्या हातावर ठेवले. जुनी कवळी एका बाजूने टोचत होती. पण माणसाला चावायला दोन बाजू लागतातच असं कुठे आहे?

"सांधा भरून टाका. पण कुणाला कळता कामा नये. आमच्या साडूंना तर मुळीच नाही."

"बघू..." बघूने डोकं खाजवलं. "तिथे आधीच दोन पट्टे मारलेले आहेत."

"आधीच्या मालकाचं मला काही सांगू नका! अकरा पावत्या आहेत त्याच्या. तुम्ही आणखी मारा."

"पांढरा मारतो मग," बघू म्हणाला आणि पैसे खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांचाच फोन आला. आवाजात खडीसाखर.

"साडूभाऊ, निघायचं ना परवा? गळती थांबली म्हणे."

"हो, मीही ऐकलं. आपोआप थांबली वाटतं."

"होतं असं. ऊन लागलं की फुगून बसतं ते."

आपण केवढं मन मोठं केलंय आणि या माणसाला त्याचा पत्ताही नाही, या विचाराने ग्रंथपालांना इतकं भरून आलं की त्यांनी पेट्रोलचे पैसे निम्मे देऊ केले. मास्तर पाऊण देतो म्हणाले. बायकोला त्यांनी सांगितलं, साडूंनाच शेवटी अक्कल आली. ती "बरं झालं" म्हणाली आणि पडदे पिशवीत भरू लागली.

तलाव एकशे नव्वद किलोमीटरवर होता. सहा तास लागले. मास्तरांनी आयुष्यभर शिकाऊ लोकांना चाळिशीच्या वर जाऊ दिलं नव्हतं. आता स्वतःलाही दिलं नाही. प्रत्येक वळणावर ते मोठ्याने म्हणत, "आरसा बघा, इशारा द्या, मग वळा," आणि मग स्वतःचं ऐकून वळत. मागे गाड्यांची एवढी रांग लागली की समोरून येणारे लोक कुणीतरी मोठं माणूस चाललंय असं समजून बाजूला होत होते. संध्याकाळी तलावाच्या काठी गाडी लावली, पडदे ओढले, आणि चौघंही दमून झोपली.

पहाटे पावसाने झोडपलं. ग्रंथपाल खाटेवर ताठ पडून कान लावून राहिले. छतावर ताशा वाजत होता. आत एक थेंब पडल्याचाही आवाज नव्हता. उजाडलं, पाऊस थांबला, तरी त्यांना धीर निघेना. शेजारी बायको दिसली नाही. पुढच्या खिडकीशी पडदा थोडा हललेला होता. ते पाय न वाजवता स्टूल घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले, वळसा घालून सांध्याकडे आले, आणि थबकले. तिथे आधीच एक स्टूल होतं. स्टुलावर मास्तर होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी आपला... हवा कशी आहे ते बघत होतो," मास्तर म्हणाले.

"सांध्यात बोट घालून?"

ग्रंथपाल शेजारी आपलं स्टूल मांडून त्यावर चढले. सांध्यावर सिलिकॉनचे जाड पट्टे होते. एकाशेजारी एक, चार. करडा, तपकिरी, पांढरा, काळा.

"हा पांढरा..." ग्रंथपाल हळूच म्हणाले, "माझा आहे."

मास्तरांनी पहिल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "करडा माझा," ते म्हणाले. "पंधरा तारखेला. तुम्हाला सांगू नको म्हणालो होतो त्याला."

"मीही तेच म्हणालो."

"नऊ हजार?"

"नऊ हजार."

"मग हा तपकिरी कुणाचा?"

केबिनवरच्या खाटेची खिडकी उघडली. "तो माझा," ताई म्हणाल्या. केस विंचरता विंचरता त्या अर्ध्या बाहेर डोकावल्या. "सतरा तारखेला. तुम्ही दोघं हटून बसलात, आणि माझी बहीण साठाव्या वर्षीसुद्धा ते पाइप बघत बसणार? मला नाही बघवलं."

काळ्या पट्ट्याबद्दल कुणी विचारलंच नाही. बायको खालच्या खिडकीशी बसलेली होती. उजाडल्यापासून बसली असावी, कारण पुढ्यातला चहा निवला होता. तिचे हात मांडीवर रिकामे होते. तिचे हात रिकामे असलेले ग्रंथपालांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"एकवीस तारखेला सकाळीच दिले," ती म्हणाली. "म्हटलं, वाट कुणाची बघायची? आपल्या साठीला आपणच आहेर करावा."

"छत्तीस हजार!" मास्तर स्टुलावरून खाली उतरले. "एका सांध्याचे छत्तीस हजार! चोर आहे तो, चोर!"

"चोर कसा?" ताई म्हणाल्या. "चौघांनी सांगितलं, त्याने चारदा काम केलं. चौघांनी सांगितलं कुणाला कळू देऊ नको, त्याने चौघांचाही शब्द पाळला. आजकाल असा माणूस मिळतो कुठे?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "साडूभाऊ, खरं सांगतो, हा पांढरा हत्ती पोसणं आपल्या ऐपतीतलं नाही. आता सकाळही झाली, पाणीही दिसलं. परत गेलो की विकू या. तुमचा मागचा, माझा पुढचा."

ग्रंथपालांनी मुकाट्याने मान हलवली. खरं तर या गाडीसारखं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. पण आता बायकोला खोटं सांगायची त्यांची तयारी नव्हती, आणि खरं ते हेच होतं.

"विका ना," बायको म्हणाली. "मागचा भाग तुमचा, तो तुम्ही विका. पुढचा भाऊजींचा, तो त्यांनी विकावा. मधला सांधा कागदात कुणाचाच नव्हता. त्याचे निम्मे पैसे ताईने आणि मी दिलेत, आणि उरलेल्या निम्म्यावर तुम्ही दोघांनी स्वतःच्या तोंडाने पाणी सोडलं होतंत. तेव्हा सांधा आम्हा बहिणींचा. तो आम्हाला विकायचा नाही."

तीस वर्षांत मास्तरांना पहिल्यांदाच मोजपट्टी काढावीशी वाटली नाही.

"अगं पण," ग्रंथपाल म्हणाले, "खर्च थांबणार नाही. पुढच्या वर्षी छत..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. खरा आकडा सांगा म्हणजे झालं." तिने हाताने त्यांना खूण केली. "आणि आता स्टुलावरून उतरा आणि जरा बाजूला व्हा. पाणी दिसत नाहीये."